गंगापूरची रसवंती आणि केतकीची मुलाखत

"आत्या, तू सोबत चल, पण तिथं कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही." माझ्या भाचीची, केतकीची, ही अट ऐकून मी हो म्हणाले खरी, पण मनातून धास्तावलेच. माझी सगळी नोकरी एसटीच्या चौकशी खिडकीत गेली. समोरून प्रश्न आला की उत्तर तोंडातून आपोआप बाहेर पडतं. प्रश्न मला नसला तरीही.

केतकीला छत्रपती संभाजीनगरातल्या एका महाविद्यालयात प्रवेश हवा होता. तिथं पदवीनंतर समाजाचा अभ्यास शिकवतात. म्हणजे माणसं कशी राहतात, का राहतात, कुणाच्या घरात कुणाचं चालतं, हे गावोगाव जाऊन शोधायचं. तिचे बाबा, म्हणजे माझा धाकटा भाऊ सुहास, पतसंस्थेत नोकरीला. त्याच्या मते हे सगळं तो रोज काउंटरवर फुकटात बघतो. त्यानं बँकेच्या परीक्षेचा क्लास आधीच ठरवून ठेवला होता. "एकदा जाऊन ये. नाही झालं तर क्लास," असं तो म्हणाला आणि केतकी म्हणाली, "चालेल." मुलगी शहाणी आहे, मला वाटलं.

नाशिकहून सकाळची एसटी धरलीत तर जेवणाच्या वेळेला पोचता. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा खासगी गाडीच्या भानगडीत पडू नका. येवल्याला गाडी थांबते, तिथली भजी गरम असतील तरच घ्या. वैजापूर सोडलं की ऊन वेगळं लागायला लागतं, कोरडं आणि सरळ डोक्यात जाणारं. मे महिन्यात जाणार असाल तर ओला पंचा जवळ ठेवा, लाजू नका, तिकडं सगळेच ठेवतात.

महाविद्यालय शहराच्या कडेला, डोंगराच्या अंगाला आहे. दगडी इमारत, कडुनिंबाची दाट सावली आणि पालकांसाठी साध्या खोल्या. संध्याकाळी आम्ही गुलमंडीवर फिरलो. केतकीला काही खावंसं वाटत नव्हतं. मी मात्र शहागंजाकडं जाऊन नान-खलिया, म्हणजे तिकडचा मटणाचा झणझणीत रस्सा आणि नान, खाल्ला. आयुष्यात एकदा तरी खाच, आणि त्या दिवशी रात्रीचं जेवण रद्द करा.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी सुरू झाली. इथं मुलाखत म्हणजे टेबलापलीकडे बसून प्रश्न विचारणं नव्हे. सकाळी प्रवेशासाठी आलेल्या मुलांना आजूबाजूच्या गावांना पाठवतात, कुणाला पैठण, कुणाला दौलताबाद, कुणाला गंगापूर. सगळ्यांना एकच विषय: इथली तरुण मुलं पुढं काय करायचं ठरवतात, आणि ते कोण ठरवतं? संध्याकाळी परत येऊन सगळ्यांसमोर तोंडी सांगायचं. संस्थेच्या प्रमुख मॅडम, पांढऱ्या केसांच्या आणि अगदी हळू बोलणाऱ्या, त्यांनी सूचना दिल्या. वही काढायची नाही. पहिल्याच वाक्यात संस्थेचं नाव सांगून समोरच्याला बुजवायचं नाही. आधी स्वतःचं काहीतरी खरं सांगायचं, म्हणजे समोरचा मोकळा होतो. आणि उठण्यापूर्वी आपण कोण, कशासाठी आलो ते सांगून परवानगी घ्यायची. सोबत आलेल्यांनी फक्त सोबत करायची. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडं का बघितलं, देव जाणे.

गंगापूरला शेअर जीप मिळते, पण भरल्याशिवाय निघत नाही आणि भरली हे ड्रायव्हर ठरवतो. माझ्या मांडीवर एका आजोबांची पिशवी आणि पिशवीत वांगी, अशा थाटात आम्ही स्टँडाजवळ उतरलो. समोरच रसवंती होती. गुऱ्हाळाच्या यंत्राला घुंगरू बांधलेले, ताडपत्रीची सावली आणि सुमनबाई नावाच्या मालकीणबाई. आलं-लिंबू घालून दिलेला तो रस प्यायल्यावर माझा जीव भांड्यात पडला. दुसरा ग्लास होईपर्यंत सुमनबाईंची आणि माझी ओळख त्यांच्या मुलाच्या शिक्षणापासून पार माहेरापर्यंत पोचली.

"ताई, जरा बसता का इथं?" त्या म्हणाल्या. "बरफ संपलाय. लई गिऱ्हाईक आलं तर बसवून ठेवा, मी आलेच."

आता मला सांगा, नाही कसं म्हणणार? मी आत गेले. केतकीला वाटलं, लोकांत मिसळायची हीच संधी. उन्हामुळं तिनं ओढणी डोक्यावरून घेतलेली होतीच, ती ग्लास विसळायला बसली. तेवढ्यात तिच्याच वयाची एक मुलगी आली, साधा पंजाबी ड्रेस, हातात पिशवी नाही की पर्स नाही. फुल ग्लास मागितला आणि बाकावर ऐसपैस बसली.

"कुठला ऊस हाय हा?" तिनं विचारलं.

"इथलाच, गोदाकाठचा," मी म्हणाले. मघाशी सुमनबाईंनीच सांगितलं होतं. मग ऊस कधी तुटतो, रसवंती कधी बंद होते, पावसाळ्यात काय करता, तिनं विचारत जावं आणि मी सांगत जावं. अट केतकीबद्दलच्या प्रश्नांची होती, उसाबद्दलच्या नाही, असं मी स्वतःला समजावलं. सुमनबाई काय काय म्हणाल्या होत्या ते मी जणू माझंच असल्यासारखं सांगितलं. मग गिऱ्हाईक वाढलं आणि मी यंत्राशी अडकले. घुंगरांच्या आवाजात मला पुढचं काही ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं की त्या दोघी डोक्याला डोकं लावून बोलताहेत, आणि केतकीचा चेहरा कधी नव्हे इतका गंभीर झालाय.

सुमनबाई बर्फ घेऊन आल्या. त्यांनी आमच्याकडून रसाचे पैसे घ्यायला साफ नकार दिला. स्टँडवर संभाजीनगरची गाडी लागलेली दिसली. गाडी लागली की माझे पाय थांबत नाहीत, मी केतकीचा दंड धरला आणि पळवत नेलं. गाडीत ती खुशीत होती. "आत्या, काय मुलगी भेटली गं. इतकं खरं बोलली. माझं काम झालं."

संध्याकाळी सभागृहात खुर्च्या भरल्या. आम्ही मागं बसलो. काही मुलं सकाळी उशिराच्या गाड्यांनी आली होती, त्यांना त्याच सूचना नंतर वेगळ्यानं देऊन पाठवलं होतं. त्यांच्यातलं एक नाव पुकारलं, वर्षा, परभणीकडची. आणि पुढून उठली ती आमची फुल ग्लासवाली.

केतकीनं माझा हात असा आवळला की बांगडी रुतली.

"मी गंगापूरला गेलते," वर्षानं सुरुवात केली. "तिथं एका रसवंतीवर मला एक ताई भेटली. मालकीणबाईची भाची. मालकीणबाई लई बोलक्या, एक विचारलं की तीन सांगतेत." समोर हशा पिकला. मी पदरानं तोंड पुसायचं निमित्त केलं. "पण ती ताई ग्लास विसळता विसळता मला म्हणाली की तिच्या वडलांनी तिच्यासाठी क्लास ठरवलाय. तिला पुढं शिकायचंय. घरी ती म्हणती, नाही झालं तरी चालंल. मला म्हणाली, चालणार नाही. वडील चांगले हायेत, म्हणूनच त्यांना नाही म्हणता येत नाही. वाईट असते तर मी भांडले असते, म्हणाली. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नाय, मला सांगितलं, कारण मी परकी."

हशा थांबला. जन्मल्यापासून जिला अंगाखांद्यावर खेळवली, तिच्या मनातलं मला एका अनोळखी मुलीच्या तोंडून, भर सभेत कळत होतं. मला वाईट वाटलं, आणि रागही आला. केतकीचा नाही, माझाच. इतकी बडबडी आत्या, पण पोरीला बोलायला जागा ठेवली नव्हती.

पुढचं नाव केतकीचं होतं. "सुमनबाईंचं सांग," मी कुजबुजले. "त्यांच्या मुलाचं सांग, निभावून जाईल." तिनं नाही म्हणून मान हलवली आणि पुढं जाऊन उभी राहिली.

"रसवंतीवरची ती मुलगी मीच आहे," ती म्हणाली. "मी नाशिकची. मालकीणबाई म्हणजे माझी आत्या, ती मागं बसलीय." सगळ्या माना वळल्या. "मलाही आज गंगापूरची एक मुलगी भेटली असं वाटलं होतं. ती वर्षा."

सभागृह असं हसलं की पंख्यांचा आवाज ऐकू येईना. मॅडमसुद्धा डोळे पुसत होत्या. मग त्या हळूच म्हणाल्या, "दोघींनी सूचना पाळल्या, आधी स्वतःचं खरं सांगितलं. पण उठताना आपण कोण ते सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर?"

"गाडी लागली होती," मी मागून उठून बोललेच. केतकीनं माझ्याकडं असं बघितलं की मी खाली बसले.

"आता वर्षाचं सांगायला तिची परवानगी आहे का?" मॅडमनी विचारलं.

केतकी वर्षाकडं वळली. "सांगू?"

"सांग की," वर्षा म्हणाली. "मी तर तुझं सगळं सांगून बसले."

मग केतकीनं सांगितलं. वर्षाच्या घरी उलटं आहे. तिची माय म्हणते, तुझं तू ठरव, मला यातलं कळत नाही. ऐकायला छान वाटतं, पण चुकलं तर दोष द्यायला कुणी नाही, म्हणून वर्षाला भीती वाटते. केतकी शेवटी म्हणाली, "गंगापूरबद्दल मला काहीच सांगता येणार नाही. माझं काम फसलं." आणि जागेवर येऊन बसली.

निकाल दुसऱ्या दिवशी दुपारी होता, म्हणून आम्ही सकाळीच दौलताबादला गेलो. जायला रिक्षा किंवा वेरूळची एसटी, दोन्ही चालेल. किल्ला उन्हाच्या आत चढा. आम्ही अंधारीपर्यंत, म्हणजे किल्ल्यातल्या त्या काळोख्या भुयारापर्यंत, गेलो, पुढं माझे गुडघे नको म्हणाले. केतकी एकटी वर जाऊन आली. खाली येऊन म्हणाली, "आत्या, नाही झालं तर मला खूप वाईट वाटेल." एवढंच. मी तिला पाणी दिलं आणि म्हणाले, "मलापण."

दुपारी मॅडमनी एकेकीला आत बोलावलं. वर्षा नाचतच बाहेर आली. केतकीसोबत मीही गेले.

"जागा तुमची आहे," मॅडम म्हणाल्या. "काम फसलं असं तुम्ही स्वतः उठून सांगितलंत, ते आम्हाला आवडलं. पण प्रवेश आज देत नाही. इथं आम्ही मुलांना दुसऱ्यांच्या घरात जाऊन विचारायला पाठवतो. जे तुम्ही रसवंतीवर परक्या मुलीला सांगितलं, ते आधी घरी सांगून या. मग फोन करा."

परतीच्या गाडीत केतकी ओठ हलवत घरी बोलायची वाक्यं जुळवत होती. खिडकीची जागा मला मिळाली होती, पण बाहेर बघावंसं वाटेना. तुम्ही तिकडं जाल तेव्हा वेरूळ, पैठण सगळं बघा, मला नाही जमलं त्याची हळहळ आहेच. पण गंगापूरला उतरून सुमनबाईंचा रस मात्र प्या, आणि तिथं बाकावर बसलेल्या कुणाशी तरी बोला. मला त्या बाकापुढं बाकीचं सगळं फिकं वाटलं, खरं सांगते.

सुहास दारातच उभा होता. "काय ताई, कसं झालं?"

"तिलाच विचार," मी म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले. ओट्याजवळून सगळं ऐकू येत होतं.

केतकी आधी अडखळली. मग म्हणाली, "बाबा, मला जागा मिळालीय. तुम्हाला मी चालेल म्हणाले होते ते खोटं होतं. मला तिथंच जायचंय. क्लास नको. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते."

चहा उतू जायच्या बेतात आला, मी गॅस बारीक केला. सुहास म्हणाला, "वाईट वाटलं. क्लासचं नाही. तुला मला सांगवेना, त्याचं."

ती रडायला लागली तशी मी पुढं होणार होते, पण तेवढ्यात त्यानं विचारलं, "तिथं झोपायला गादी देतात, की इथनं न्यायची?"