सीतक्काच्या पायातलं परकं हाड

सीतक्का श्राद्धाचा स्वयंपाक करायची तो असा, की पितरांनी वाट वाकडी करून यावं. तमिळनाडूत कुंभकोणमला आमची मराठी घरं उरली थोडी, आणि त्या सगळ्यांची श्राद्धं तिच्याच सोवळ्यात रांधली जायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात चार बायकांशी पोटभर मराठी बोलून घ्यायची, तेवढाच तिला माणसांचा सहवास.

मग घोट्यावर सूज आली. ही बया मुरगळला समजून चार महिने तिळाचं तेल चोळत बसली. चेन्नईला निदान झालं, हाडाचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखाली पाय काढणं सोपं, पण राखताही येईल. रोगट हाड काढायचं आणि तिथं मेलेल्या दात्याचं हाड स्क्रूंनी बसवायचं. घोटा मात्र वाकणार नाही.

"राखा," ती म्हणाली. "बसून नाही तर उभ्यानं रांधीन."

सोबतीला मी होते, तिची शेजारीण श्रीदेवी. वर्षभरानं ती काठीशिवाय चालायला लागली, आणि माझ्या मेलीच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! चंद्रमौळींच्या घरी कौतुकानं सगळं सांगून आले, दात्याचंसुद्धा. चार दिवसांवर त्यांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"अक्कांना म्हणावं, आता विश्रांती घ्या. मेलेल्याचं हाड अंगात, सोवळं कसं व्हायचं?"

बाकीच्या घरांनीही दुसरी बाई बघितली. मी भांडले, पण आग लावणारी मीच. अक्कापाशी कबूल केलं, तर ती तांदूळ निवडत राहिली. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सर्वपित्री अमावास्येला तिच्या घरातून तुपाचा वास आला, म्हणून गेले. खीर, वडे, कच्च्या केळ्याची भाजी, सगळं तिनं उभ्यानं रांधलेलं. देवघरापुढं केळीचं एक पान वाढलेलं होतं.

"कुणाला गं?"

"ज्याचं हाड आहे, त्याला. नाव विचारलं, तर डॉक्टर सांगेनात. बाई की पुरुष, तेही ठाऊक नाही. त्याच्या घरी कुणी करतं की नाही, कुणी सांगावं?"

मीही पानापाशी जेवायला बसू लागले.

"तू जा, श्रीदेवी," ती शांतपणे म्हणाली. "आज आम्ही दोघंच जेवू."

मी चपला घालून घरी आले.