माहेरचं नाव

हळद शिजते तेव्हा तिचा वास आधी डोळ्यांना लागतो की नाकाला, हे साठी उलटली तरी मला ठरवता आलेलं नाही. संक्रांतीच्या आगेमागे आमच्या वसमतच्या शिवारात कढया चढतात, आणि ओल्या मातीचा, कच्च्या कंदांचा, धुराचा असा एक जड, उबदार गंध सकाळच्या धुक्यात मिसळून थेट रस्त्यावर येतो. एसटीच्या खिडकीशी बसलेल्या माणसाच्या कपड्यांतही शिरतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना तो उग्र वाटतो. मला मात्र तो आला की सरकारी दवाखान्यातली माझी कोपऱ्यातली खोली आठवते, तिचा विटलेला हिरवा पडदा आठवतो आणि छाया आठवते.

त्या खोलीत मी समुपदेशक होते. एचआयव्हीची तपासणी, तिच्या आधीचं बोलणं आणि नंतरचं बोलणं, एवढंच माझं काम. त्यातलं नंतरचं बोलणं फार अवघड. एक नियम मी पहिल्या दिवसापासून पाळला. या खोलीत आलेलं माणूस पुढे बाजारात, लग्नात, कुठंही भेटलं तरी आपण होऊन ओळख दाखवायची नाही. त्याने दाखवली तरच हसायचं. त्यामुळे तालुक्यात मी फार शिष्ट बाई म्हणून प्रसिद्ध झाले, आणि माझ्या यजमानांनी त्यावरून माझी जन्मभर थट्टा केली.

छाया आली ती घटस्थापनेच्या आठवड्यात. जवळा बाजारच्या अलीकडे तिचं माहेर. लग्नाला दोन वर्षं झालेली, पहिलंच गरोदरपण, तिसरा महिना. गरोदर बाईची तपासणी करतातच, तशी तिचीही केली, आणि दुपारी तो कागद माझ्या टेबलावर आला. नवरा लग्नाआधी हैदराबादेकडे बांधकामावर होता, आता दोघं ऊसतोडीला जात. कुणामुळे कुणाला, हा प्रश्न मी कधी विचारत नसे. त्याच्या उत्तराने कुणाचाही ताप उतरत नाही. मी तिला एवढंच सांगितलं की गोळी रोज एक, न चुकता, आणि ती नीट घेतली तर पोटातलं लेकरू या आजारावाचून जन्माला येऊ शकतं. तिने बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग म्हणाली, "म्याडम, मालकाला ऊस तोडून परत आल्यावर सांगते. तिकडं टोळीत कोणाला कळलं तर माझ्या हातचं पानी बी पिनार न्हाईत."

दिवाळीच्या तोंडावर टोळ्या निघतात. ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉल्यांवर भांडी, बिछाने, शेळ्या, कोंबड्या आणि सगळ्यात वर लेकरं, असं एक आख्खं गाव हलत हलत कृष्णेच्या खोऱ्याकडे जातं. पाच-सहा महिने उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे खोपटात राहायचं, अंधार असतानाच फडात उतरायचं. तिथला दवाखाना उघडतो तेव्हा ही माणसं उसात असतात, आणि ही परततात तेव्हा दवाखान्याला कुलूप असतं. छायाला मी दोन महिने पुरतील अशा दोन बाटल्या दिल्या. बाटलीत कापूस ठासून भरायचा, म्हणजे ट्रॉलीच्या हिसक्यांनी गोळ्या वाजत नाहीत, ही युक्ती मला एका जुन्या रुग्णबाईनेच शिकवली होती, ती मी तिला शिकवली. पुढच्या बाटल्या तिकडच्या केंद्रातली कार्यकर्ती कोपीवर जाऊन हळूच देईल, अशी सोय केली. तिकडे पाठवायच्या कागदावर तिच्या आधार कार्डावरचं नाव, कारखाना आणि मुकादमाचं नाव लिहिलं. सगळं कसं बराबर झालं म्हणून त्या दिवशी मी स्वतःवर खूष होते.

संक्रांत चार दिवसांवर आली असताना त्या कार्यकर्तीचा फोन आला. ती बिचारी दोनदा जाऊन आली होती. कोपीवर राहिलेल्या म्हाताऱ्या बायांना, लेकरांना विचारलं, तर त्या टोळीत छाया नावाची कुणी बाईच नाही म्हणाले. आजार तोंडातून काढायचा नाही, मग विचारायचं तरी कसं?

फोन ठेवता ठेवता माझी चूक माझ्या लक्षात आली. लग्नात आमच्याकडे तांदळात सासरचं नाव लिहितात, आणि त्या दिवसापासून मुलगी माहेरी एक आणि सासरी दुसरीच असते. कार्डावर मात्र बापाच्या घरचंच नाव राहून गेलेलं. टोळी सासरची, तिला छाया कोण म्हणणार? मी स्वतः कुमुदची अनुराधा झालेली बाई, चाळीस वर्षं हे नाव अंगावर वागवते आहे, आणि मलाच हे सुचू नये! गोळ्या संपून आठ दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी सुटी टाकून मी जवळा बाजारची एसटी धरली.

तिची आई शेताच्या बांधावर शिजलेली हळद पसरत होती. हात कोपरापर्यंत पिवळे, कपाळावर घाम, आणि मागे कढईतून वर चढणारी वाफ उन्हात सोनेरी झालेली. बाळंतपणाच्या कागदासाठी लेकीचं सासरचं नाव हवं आहे, असं मी खोटं सांगितलं. खोटं एवढ्या सहज जमलं याची मला त्या वेळी लाजही वाटली नाही. "आमच्या छायीचं व्हय? राधा ठिवलंय तिकडं," ती म्हणाली, आणि हसली. "मी गेले तिच्या घरी, की छायी म्हनूनच हाका मारते. घरचे म्हनतात, कोन छायी? मंग ध्यानात येतं, बाई." मला बसवून तिने गुळाचा चहा पाजला आणि कागद कसला, हे पुन्हा विचारलं नाही. विचारलं ते वेगळंच. "तुमचं माहेरचं नाव काय वो?"

मी म्हणाले, कुमुद. ते नाव मी किती वर्षांनी उच्चारत होते कुणास ठाऊक. आई-वडील गेले, थोरला भाऊ गेला, आणि मग त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नाही. हळदीच्या त्या धुरात माझे डोळे भरून आले, आणि धुराचं निमित्त होतं हे बरंच झालं.

बांधावरूनच मी कार्यकर्तीला फोन लावला. राधा म्हणून विचारा, सहावा महिना आहे, वजन करायला आलोय असं सांगा. तिकडे पोचून भेट व्हायला आणखी दोन दिवस गेले. म्हणजे एकूण अकरा दिवस खंड पडला. पुढे वैशाखात टोळी परतली, तेव्हा छाया अवघडलेल्या पोटाने माझ्यासमोर बसून म्हणाली, "छायाला कोनी इचारून गेलं, हे फडातून आल्यावर कानावर पडलं व्हतं म्याडम. पर ह्या नावाची मी, हे सांगायचीच भीती वाटली." स्वतःचं नाव ऐकून माणसाने दडून बसावं, आणि हे मी सरळ अक्षरात लिहिलेल्या एका कागदामुळे घडावं, याचं दुःख मला आजही आहे.

मुलगी झाली. पहिल्या तपासण्या चांगल्या आल्या, पण शेवटची, खरी तपासणी लेकरू दीड वर्षाचं झाल्यावर होते, आणि त्याआधीच श्रावणात मी निवृत्त झाले. कागदावर ती पोर शेवटपर्यंत 'छायाचे बाळ' एवढीच होती. खोलीत आता नवी मुलगी बसते. तिला विचारलं असतं तर तिने कदाचित सांगितलंही असतं, पण विचारू नये हे मीच तिला शिकवलं होतं. ते अकरा दिवस मी घरी बसून मोजत राहिले.

परवा जवळा बाजारच्या आठवडी बाजाराला गेले होते. हवेत तोच हळदीचा वास. बोरांच्या ढिगाशी छाया उभी दिसली, आणि सवयीने मी मान खाली घालून समोरची वांगी निवडू लागले. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. माझ्याकडे न बघता, वांगी चाचपत, हळू आवाजात म्हणाली, "शेवटची तपासनी झाली म्याडम. न्हाई निघालं लेकराला. मालक बी आता गोळ्या घेऊन राहिलेत." मी हातातलं वांगं तेवढं घट्ट धरून ठेवलं. यंदा ती ऊस तोडायला का गेली नाही, पुढच्या वर्षी जाणार आहे का, आणि तिकडे कोण तिला कोणत्या नावाने शोधेल, हे सगळं विचारायचं राहूनच गेलं, कारण ती दोन पावलं पुढे गेली होती. गर्दीत कुठेतरी बघत तिने मोठ्याने हाक मारली, "कुमुद! ए कुमुद, चल माय!"

आणि भर बाजारात मी "ओ" दिली.