मढ्यावाचून दुंगआव

पादी लियोन्सिओ पुन्हा दारात आले, तेव्हा एंग्रासिया सुपातले तांदूळ मुद्दाम जोरजोरात पाखडू लागली. त्यांच्या खांद्यावर आजही टेपरेकॉर्डर होता.

माणूस वाईट नव्हता. उलट इलोको बोलीतून प्रवचन करणारा गावातला हा पहिलाच पाद्री. शाळेत आपली बोली बोललं की पोरांना उन्हात उभं करायचे, ते ह्यांनीच मास्तरांशी भांडून बंद पाडलं. आता इलोको गाण्यांचं, म्हणींचं जाडजूड पुस्तक लिहीत होते. त्यात एकच गोष्ट राहिली होती, दुंगआव. मेलेल्या माणसाच्या उशाशी डोक्यावरून काळं कापड ओढून बसायचं आणि त्याचा सगळा जन्म गाऊन रडायचं. तसं रडणारी पंचक्रोशीत एकटी एंग्रासिया उरली होती, आणि तिचाही आवाज आता फाटायला लागला होता.

पण मढं नसताना दुंगआव म्हटला की तो आपलं मढं शोधत घरात शिरतो, असं तिच्या आईचं सांगणं. आणि घरात देलिया होती, तिची लेक, दिवस भरलेली.

या खेपेला पादींनी सरळ सांगितलं की बिशपांनी त्यांची बदली केली आहे, रविवारनंतर ते इथे नसतील. मग आईला हाक मारावी तसं हळूच म्हणाले, "नानांग, उद्या तुम्ही गेलात की तुमच्यासाठी कोण रडणार? कुणाला येतं?"

"माझ्या मरणाची घाई तुम्हालाच दिसतेय, आपो."

आतून देलिया हसली. पादीही हसले, पण जाताना त्यांचा चेहरा उतरलेला होता.

मग तिला घरात बसवेना. चुलीवरचा भात करपला. जपमाळ घेतली, तर मणी एकीकडे आणि ओठ भलतीकडे. पादींचं म्हणणं खोटं नव्हतं. आजीचा दुंगआव आईत उतरला, आईचा तिच्यात, आणि आता तिच्याबरोबर मातीत जाणार. पण हो म्हणायला तोंड उघडावं, तर देलियाचं पोट डोळ्यांपुढून हलेना.

"नानांग, तू अशीच येरझारा घाल," देलिया वैतागून म्हणाली, "म्हणजे मला आत्ताच कळा लागतील."

तशी ती बाहेर पडली. पाय कबरस्तानाकडे वळले. नवऱ्याच्या कबरीवरचं गवत उपटता उपटता तिला कुंपणालगतची कबर दिसली. परदेशी पादी ग्रेगोर यांची. त्यांनीच गावाला शाळा दिली, एंग्रासियाला अक्षरं शिकवली. आणि दुंगआव म्हणजे पाखंड, असं वेदीवरून बजावून तो बंद पाडला तोही त्यांनीच. पटकीच्या साथीत आजाऱ्यांचं करता करता ते गेले, तेव्हा लॅटिनमधल्या प्रार्थना झाल्या, घंटा झाली. रडलं कोणी नाही, दुंगआव राहूनच गेला. त्यांचीच मनाई होती ना.

हातातलं गवत तिथेच टाकून ती पाद्र्यांच्या घराकडे जवळजवळ पळतच सुटली.

ऊन कलायच्या आत ती त्या कबरीशी काळं कापड ओढून बसली. शेजारी पादी लियोन्सिओ, पुढ्यात यंत्र.

"ग्रेगोर, बाबा माझ्या," तिने सूर लावला, "समुद्रापलीकडून आलास, तुझ्या आईला निरोप द्यायलाही कोणी नव्हतं. आम्हाला वाचायला तोंड दिलंस आणि रडायचं तोंड बांधलंस. आता आडवा पडलायस, कर बघू मना मला."

आवाज फाटला, तरी ती थांबली नाही. शाळेच्या छपरापासून त्याच्या झिजलेल्या सपातांपर्यंत सगळं गायली. मधेच फीत संपून यंत्र खटकन बंद पडलं, तेही कुणाला कळलं नाही. पादी लियोन्सिओ गुडघ्यांवर बसून ओक्साबोक्शी रडत होते.

घराच्या फाटकाशी तिने भाताचं काड पेटवलं, अंत्ययात्रेहून आल्यावर करतात तसं. हातपाय धुतले, अंगावर धूर घेतला. पादी मागे घुटमळत होते.

"तुम्हीपण धुवा, आपो. घरात पोटुशी आहे."

त्यांनी निमूट हात धुतले, झगा धुरावर धरला. आत पाऊल टाकणार, तोच ती आडवी आली.

"आणि ते?"

पादींनी खांद्यावरून यंत्र उतरवलं. मनिलात धर्मशास्त्र शिकून आलेला तो माणूस ते दोन्ही हातांनी जाळावर धरून उभा राहिला, वितळू नये म्हणून जरा उंच.