माहेरच्या विहिरीचं पाणी

कुठं प्लास्टिक जळाल्याचा वास आला की मला माझं पहिलं बाळंतपण आठवतं. सोनईजवळ माहेरच्या मळ्याला लागून गावाचा जुना कचरा डेपो होता, तिथं प्लास्टिक सारखं जळत असायचं. तो बंद झाला, तरी त्याचं काळं पाणी जमिनीत मुरून आमच्या विहिरीत उतरलं. पाण्यावर तवंग यायचा, म्हशीसुद्धा तोंड लावून मागं सरायच्या. पुढं कचरा उचलून नेला, विहीर कितीदा उपसली, पण तपासणीत पाणी काही पिण्याजोगं ठरेना. मला सातवा लागला तेव्हा आई फोनवर म्हणाली, "तू येऊ नको. हितलं पानी तुला पाजायचं न्हाई मला." मी फोन ठेवून रडले. नववा लागला आणि एका सकाळी पुन्हा तिचा फोन आला. "पानी चांगलं निघालं गं! तुझा भाऊ गाडी घिऊन निघालाय, तू पिशवी भर." दुपारी मी पोचले, तर ती भरला तांब्या घेऊन दारातच उभी. मी घटाघटा प्याले. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मग म्हणाली, "लागतंय ना गोड?" आता माझी लेक सुट्टीत त्या विहिरीवर जाते, ओंजळीनं पाणी पिते आणि तशीच खेळायला पळते.