ओळंब्याच्या चुका

तांबट आळीत त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे ओळंबाच म्हणत. तांब्याच्या हंड्यावर तो हातोडीचे ठोके असे बसवी की वरून गवंड्याच्या ओळंब्याची दोरी सोडली तरी एक ठोका रेषेबाहेर सापडू नये. शिकाऊ पोराला तो आधी वर्षभर फुटका हंडा ठोकायला देई. पोटच्या मुलाला त्याने तो तीन वर्षं दिला, मग ऐरणीवरून उठवलं. "आंधळा हात आहे तुझा. भट्टी फुंक."

मुलगा वीस वर्षं भट्टी फुंकत राहिला.

घरोघर स्टील आलं, मग प्लास्टिक. आळीतली दुकानं एकेक करून बंद पडली, ओळंब्याचं तेवढं उरलं. तेही आता एकाच ऑर्डरवर तगणार होतं. परदेशात माल पाठवणाऱ्या कंपनीची बाई नमुना बघायला आली. तिने हंड्यावरून बोट फिरवलं.

"काका, हे मशीनचं वाटतं हो."

"मशीनचं? चार दिवस मान मोडून बसलोय."

"मशीनवरही आता असेच ठोके पडतात, अगदी सारखे. आमच्या गिऱ्हाइकाला हाताचं काम हवं. थोड्या चुका दिसू देत."

"किती?" त्याने विचारलं. बाई हसली. तो थट्टा करत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो चुका करायला बसला. मुद्दाम हातोडी सरकवली, डोळे मिटून ठोकलं. संध्याकाळी हंडा उजेडात धरला, तर चुकासुद्धा ओळीत बसल्या होत्या.

बाई परत आली तेव्हा तिची नजर भट्टीशेजारच्या एका वेड्यावाकड्या ठोक्यांच्या तांब्यावर गेली. मुलाने तो आपल्याच चहाच्या पाण्यासाठी ठोकला होता.

"हा कुणी केला? हाच हात हवा मला!"

बापाने हातोडी खाली ठेवली. मुलाने त्याच्याकडे पाहिलं नाही. फक्त विचारलं, "किती नग?"

ऐरण मुलाकडे गेली. दुकान बघायला येणाऱ्या पाहुण्यांना म्हातारा कारागीर बघायला आवडतो, असं बाई म्हणाली, म्हणून ओळंब्याला दारात बसवलं. मुलाने माळ्यावरून जुना फुटका हंडा काढून त्याच्यापुढे ठेवला.

"आप्पा, यावरच ठोका. चांगल्या मालाला हात लावू नका."

पाहुणे फोटो काढतात. कुणी हंडा निरखत नाही.

"आप्पा," मुलगा आतून ओरडतो, "जरा जोरात. रस्त्यापर्यंत आवाज जात नाही."