पाटी उचलण्याआधी

“पिशवीच काढून टाका म्हणा डॉक्टरीणबाईला. कटकटच नको,” सुलोचनाबाई मला म्हणाल्या.

गर्भपिशवी त्यांची ठणठणीत होती. म्हणूनच स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी त्यांना माझ्याकडे, फिजिओथेरपीत पाठवलं होतं. लातूर जिल्हा नवा झाला होता. सरकारी दवाखान्यातलं आमचं डिपार्टमेंट म्हणजे एक खोली, एक कॉट आणि मी.

बाई मुरुडजवळच्या. बाळंतपणं घरीच झालेली. दुष्काळामुळे रोजगार हमीच्या तलावावर मातीच्या पाट्या वाहायच्या. शिंकलं, पाटी उचलली की लघवी गळायची. वास येईल म्हणून जेवायला लांब बसायच्या. गावच्या बुद्धविहारात वंदना त्याच सांगायच्या. तेही बंद केलं होतं.

“घरी सांगितलंय?”

“न्हाई. कोणत्या तोंडानं सांगू?”

मी समजावलं. कमरेच्या हाडांच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. तिला पेल्विक फ्लोअर म्हणतात. लघवीची पिशवी, गर्भपिशवी तिच्यावर टेकलेली. बाळंतपणात ती सैल पडते, पण व्यायामानं घट्ट होते. लघवी आणि वारा रोखताना जे आवळतं ते वर ओढायचं, धरायचं, सोडायचं. श्वास कोंडायचा नाही.

बाईंनी लगेच श्वास कोंडून दंड ताठ केले. आम्ही दोघी हसलो.

“आणि वजन उचलू नका.”

“मॅडम, पाटी न्हाई उचलली तर खाऊ काय?”

खरंच होतं. मग मी वाळूची बादली मागवली. आधी आवळायचं, मग श्वास सोडत उचलायचं. ओपीडी संपेपर्यंत बाई बादली उचलत राहिल्या.

पुढे त्या दर बाजारच्या दिवशी येत. “करायलेय, पण फरक न्हाई,” म्हणत आणि पुन्हा बादलीपाशी जात. काही महिन्यांनी दारातूनच ओरडल्या, “मॅडम, शिंकले! कोरडी हाय!”

त्यांच्यामागे तलावावरच्या आणखी बायका उभ्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत बाईंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, “मला गळायचं. तुमच्यात कुणाला हाय?” आधी सगळ्या भाकरी मोडत राहिल्या. मग एक बोलली, मग दुसरी.

गर्दी बघून दवाखान्याचे मोठे साहेब म्हणाले, “काय, कॅम्प लावलाय का?”

“मी नाही साहेब. त्यांनी लावलाय.”

विहारातली वंदना बाईंनी पुन्हा सुरू केली.

हे दुखणं सहसा कुठली बाई आपणहून सांगत नाही. तेव्हापासून कंबर दुखते म्हणून आलेल्या प्रत्येकीला मी दार लावून आधी हेच विचारते.