निळ्या टेबलाचा चौथा पाय

विहारातल्या टेबलाचा तो एवढासा उघडा तुकडा विनोदने रंगवून टाकला नसता, तर जानरावांची मिशी पणाला लागलीच नसती. पण विनोदच्या हातात ब्रश होता, डब्यात निळा रंग उरला होता आणि जयंती तोंडावर आली होती. अशा वेळी जऊळक्यातला कोणताही पोरगा थांबत नाही. कठडा झाला, खिडकीचे गज झाले, नळाची तोटीसुद्धा झाली. मग त्याला दिसलं, की टेबलाच्या कोपऱ्यावरचा तळहाताएवढा रंग कुणीतरी खरवडून ठेवलाय. 'काय एकेक लोक असतात,' असं म्हणत त्याने मोठ्या मनाने त्यावर दोन हात मारले.

तो तुकडा खरवडायला त्याच्या मोठेबाबांची, म्हणजे जानरावांची, अख्खी सकाळ गेली होती. आणि आता ते राजपालला हाताला धरून तेच दाखवायला आणत होते.

"हे पाह्य," जानराव दारातूनच म्हणाले. "डोये उघडून पाह्य. अस्सल साग हाये!"

राजपालने पाहिलं. बोट लावलं. बोट निळं झालं.

"साग तं लय ताजा दिसते, भौ," तो म्हणाला. "आताच पाझरून राह्यला."

जानरावांनी टेबलाकडे पाहिलं, मग विनोदकडे, मग त्याच्या ब्रशकडे. विनोदने ब्रश पाठीमागे लपवला. त्यामुळे त्याची पँटही रंगली.

राजपालचं तालुक्याच्या गावी, मालेगावात, प्लायवूडचं दुकान. यंदाच्या जयंतीला विहाराला चकचकीत सनमायकाचं नवं टेबल द्यायचं त्याने कमिटीत जाहीर करून टाकलं होतं. जुनं टेबल भोजनदानाच्या कढईखाली जाणार, हेही ठरलं होतं. "बाभूळ हाये बाप्पा थे," तो म्हणाला. "चुलीत चांगली जळते."

"साग नाई निंगाला तं मिशी उतरवतो," जानराव म्हणाले.

विहारातले सगळे त्यांच्या मिशीकडे बघू लागले. ती मिशी काही साधीसुधी नव्हती. जानरावांनी जन्मभर एसटी चालवली, आणि वाशिम डेपोत ती मिशी गाडीच्या पाटीआधी ओळखू यायची. समोरचा ट्रकवाला आधी मिशी बघायचा आणि मग रस्ता द्यायचा.

"अन् साग निंगाला तं?" राजपालने विचारलं.

"तं जयंतीच्या सकाळी हा टेबल तू डोक्यावर घेशीन. माह्या ओसरीतून इथलोक. सगळ्या गावासमोर."

"घेतो ना! कायले भेतो का मी? पण आधी वस्तरा लावून ठेवा, भौ."

रंग काढायला घरी नेताना टेबलाचं एक टोक विनोदच्या खांद्यावर होतं. मोठेबाबा वाटभर एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं, असं विनोदला वाटत राहिलं.

जानरावांचं हे सागाचं वेड एसटीनेच लावलेलं. आसेगावला गाडी थांबायची तेव्हा कंडक्टर चहाला जायचा आणि जानराव स्टँडसमोर धनसिंग मिस्त्रीच्या दुकानात जाऊन उभे राहायचे. धनसिंग जुन्या खुर्च्या खोलायचा, घासायचा, पुन्हा बसवायचा. प्रवासी बोंबलायला लागले की जानराव निघायचे. निवृत्तीनंतर बोंबलायला कुणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी भंगारवाल्याकडून एक हात नसलेली खुर्ची आणली. मग पाय नसलेली आणली. मग नुसतीच पाठ आणली.

"घर नाई हे, हाडवैद्याचा दवाखाना हाये," भागिरथाबाई, त्यांच्या पत्नी, येईल त्याला सांगायच्या. "घरात खुर्च्याच खुर्च्या, अन् पावना बसते चटईवर!" हे खरंच होतं. कुठे टेकायला गेलं की आतून जानराव ओरडायचे, "थांब! सरस ओला हाये!"

जानराव चार माणसांत बसले की आपल्या हातकामाची तारीफ स्वतःच करत. ती दुसऱ्या कुणी करावी, अशी सोय अजून झाली नव्हती. गावातल्या एकाही माणसाने त्यांच्याकडे कधी साधा पाट दुरुस्तीला दिला नव्हता. विहाराचं टेबल हे त्यांच्या ओसरीत आलेलं पहिलं दुसऱ्याचं लाकूड. ते कढईखाली गेलं असतं, तर ओसरीतला सगळा पसारा म्हातारचळच ठरला असता. मिशीचं काय, ती पुन्हा उगवते.

दुसऱ्या दिवशी विनोद न बोलावता गेला. जानरावांनी काचेचा एक तुकडा कापडात धरून त्याच्या हातात दिला. "तूच रंगवला, आता तूच काढ. काच आडवी धर. लाकडाच्या रेघेसोबत ओढ, आडवी ओढशीन तं लाकूड रडते."

विनोद ओढू लागला. कालचा निळा गेला, त्याखाली वेगळा निळा निघाला. तो गेला तर आकाशी. दर जयंतीला कमानीचा रंग उरायचा आणि उरला की कुणीतरी विनोद जन्माला यायचाच. भागिरथाबाई चहा घेऊन आल्या आणि ओसरीत सांडलेल्या खपल्या निवडायलाच बसल्या.

"हा पाह्य, हा रंग लखनच्या कमानीचा," त्या म्हणाल्या. "त्या साली पाणी टाकलं होतं रंगात मेल्यानं. अन् हा हिरवा कुठून आला?"

"शाळेच्या फळ्याचा असन," जानराव म्हणाले. ते आता बोलू लागले होते.

आणि मग, सगळ्या निळ्याच्या तळाशी, काचेखालून सोनेरी भुसा निघाला. चामड्यासारखा तेलकट वास ओसरीभर झाला. विनोदने भुसा नाकाशी नेला आणि त्याला शिंक आली.

"साग!" जानराव असे ओरडले की शेजारच्या दारातून दोन डोकी बाहेर आली. "म्हटलं नव्हतं का मी! जानरावचं नाक हाये हे!"

टेबलाच्या वरच्या पाटावर एका रांगेत बारीक काळे गोल उमटले होते. वर्षानुवर्षं मेणबत्त्या जिथे ठेवल्या जात, तिथले. विनोद ते घासायला गेला तर जानरावांनी त्याचा हात धरला. "हे राहू दे. हे डाग नाई."

एक पाय सोनेरी निघाला. दुसरा निघाला. तिसराही. चौथ्यावर विनोद काच ओढत राहिला, ओढत राहिला, आणि खालून निघालं लालसर, दगडासारखं कठीण लाकूड. वास काहीच नाही.

जानराव खाली बसले. त्यांनी पायाला नाक लावलं, नख लावलं. मग ते उठले आणि मिशीवरून हात फिरवला. निरोप दिल्यासारखा.

"बाभूळ," ते म्हणाले.

"कुणाले सांगू नका, मोठेबाबा," विनोद घाईने म्हणाला. "मी रंगवून टाकतो ना!"

"तू ब्रशले हात लाव, मंग तुले दाखवतो!"

भागिरथाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसून झाल्यावर म्हणाल्या, "तुमीच तोडला होता थो पाय."

"मी?"

"मंग कोण! आपलं लग्न लागलं विहारात, तवा तुमचे डेपोतले दोस्त टेबलावर चढून नाचले. तुमाले बी ओढून घेतलं. कडाड वाजलं. माह्या बाबानं लाज राखाले दुसऱ्याच दिवशी वावरातली बाभूळ तासून पाय बसवला. तुमाले काय आठवन, तुमी मिशीले पीळ द्यून राह्यले होते!"

जानरावांनी त्या पायावरून एकदा हात फिरवला. मग लाखेचं पॉलिश कालवायला घेतलं. कापडाची पुरचुंडी बुडवून, गोल गोल, हलक्या हाताने. पाट झाला, तीन पाय झाले. चौथ्यालाही तेवढंच पॉलिश लावलं, पण त्याचा लालसरपणा लपवला नाही.

जयंतीच्या सकाळी ओसरीसमोर गल्ली भरली. राजपाल पांढराशुभ्र शर्ट घालून आला. त्याने टेबल पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. उन्हात पाट मधासारखा दिसत होता. पण राजपाल दुकानदार. तो खाली वाकला.

"हा पाय कायचा हाये, भौ?"

"बाभळीचा," जानराव मोठ्याने म्हणाले. "माह्या सासऱ्यानं बसवलेला. तीस काय, चाळीस जयंत्या उभा हाये. तुह्या सनमायकाले दोन पावसाळे तरी उभं राहून दाखव म्हणा."

गल्ली हसली. राजपालही हसला, पण अडून बसला. "मंग वस्तरा काढा!"

"काढा वस्तरा!" मागून कुणीतरी ओरडलं.

निवाडा भागिरथाबाईंनी केला. "पाट सागाचा, तीन पाय सागाचे. राजपाल, तू गुमान उचल. अन् एक पाय बाभळीचा, म्हणून यांची चौथाई मिशी बाकी."

राजपालने डोक्यावर चुंबळ ठेवली आणि सागाचं ते वजनदार टेबल घेतलं. ढोल वाजला. प्लायवूडचा दुकानदार डोक्यावर साग घेऊन गल्लीतून निघाला, मान अवघडली तरी थांबला नाही. पुढे जानराव असे चालले होते की जणू गाडी पुन्हा रूटवर निघाली होती. विनोद बाजूने धरायला धावला. त्याची पँट अजून निळीच होती. विहारात टेबल खाली ठेवलं तेव्हा जरासुद्धा डुगडुगलं नाही. पहिली मेणबत्ती भागिरथाबाईंनी लावली, त्याच काळ्या गोलांपैकी एकावर.

त्याच आठवड्यात राजपाल स्वतःच्या आजोबांची मोडकी खुर्ची घेऊन ओसरीत आला. त्याच्यामागून आणखी दोघं आले, एक पाट आणि एक पाळणा घेऊन. भागिरथाबाईंना आता चटईवरही जागा उरलेली नाही, पण सध्या त्या तक्रार करत नाहीत; येणाऱ्याला फक्त विचारतात, "काय मोडलं तुमचं?"

राजपाल दिसला की आजही विचारतो, "भौ, चौथाईचं काय झालं?"

जानराव मिशीचं डावं टोक दोन बोटांत धरतात, मापून पाहिल्यासारखं करतात आणि सोडून देतात.

"देतो ना बे. आधी कोणत्या बाजूची, थे तं ठरू दे."